कमी पैशात गाडीची पॉवर कशी वाढवायची: आधी हरवलेली शोधा, मग नवी विकत घ्या

पसरणी घाट, चार माणसं, डिकीत बॅगा, एसी चालू आणि पुढे रांगत चाललेला टेम्पो. अशा वेळी १.२ लिटर पेट्रोलवाल्याचा पाय पार तळाला टेकलेला असतो तरी गाडी काही उचलत नाही, आणि मग वर पोचल्यावर चहा पिताना तोच प्रश्न निघतो, की बाबा हिची पॉवर वाढवता येईल का, आणि फार खर्च न करता. येते. पण बहुतेक लोक चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी सहा हजारांचा फिल्टर बसवतात, मग आवाज करणारा सायलेन्सर, मग कुणीतरी सांगितलं म्हणून रीमॅप (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलणं), आणि गाडीच्या स्पार्क प्लगला मात्र लाखभर किलोमीटर कुणी हातच लावलेला नसतो. ६०-७० हजार किलोमीटर चाललेल्या, जेमतेम सर्व्हिसिंग झालेल्या गाडीत कंपनीने दिलेली पॉवर पूर्ण शिल्लक असेलच असं नाही. ती आधी परत मिळवायची, ते स्वस्तात होतं. त्यानंतर जास्तीची पॉवर विकत घ्यायची की नाही ते ठरवायचं, आणि ते गाडीत टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) आहे की नाही यावर ठरतं. या लेखातला क्रमही तोच ठेवलाय, मधल्या पायऱ्या गाळू नका.

टर्बो आहे का नाही

साधं पेट्रोल इंजिन, म्हणजे वॅगनआरचं १.० किंवा स्विफ्ट-बलेनोचं १.२, स्वतःच्या दमाने जेवढी हवा आत ओढेल तेवढीच त्याची ताकद. पेट्रोल जास्त टाकून काही होत नाही कारण ते जाळायला हवा लागते, साधारण १ किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा. कंपनीने त्यातून बहुतेक सगळं आधीच काढून घेतलेलं असतं, सॉफ्टवेअरशी खेळून ९० पीएसचे (पीएस म्हणजे पॉवर मोजायचं एकक) ९४-९५ झाले तरी खूप.

टर्बोवाल्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे हवा किती कोंबायची हे ईसीयूतला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधला, प्रोग्राम ठरवतो आणि कंपनी मुद्दाम हात राखून ठरवते, कारण त्यांना खराब पेट्रोल, ४५ डिग्रीचं ऊन, वॉरंटी आणि कधीच ऑइल न बदलणारा मालक हे सगळं सांभाळायचं असतं. फोक्सवॅगनचं १.५ टीडीआय डिझेल घ्या, साध्या पोलोत ९० पीएस आणि २३० एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर), आणि जीटी टीडीआयमध्ये तेच इंजिन आधी १०५ आणि नंतर ११० पीएस, २५० एनएम. पण प्रत्येक वेळी असा फरक नुसत्या सॉफ्टवेअरचा असतोच असं नाही. १.३ मल्टिजेट डिझेल स्विफ्ट-डिझायरमध्ये ७५ पीएस द्यायचं आणि एर्टिगा-सियाझ-ब्रेझामध्ये ९०, तिथे टर्बोच वेगळा होता, ९० वाल्यात व्हेरिएबल जॉमेट्रीचा, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारा. त्यामुळे "एकच इंजिन आहे, फक्त लॉक काढायचं" असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका.

पहिली पायरी: मोजा

मोजल्याशिवाय काहीही करू नका, कारण नवीन फिल्टर बसवल्यावर गाडी प्रत्येकालाच हलकी वाटते, विशेषतः बिल भरल्यावर. डायनोची (पॉवर मोजायच्या रोलरच्या मशीनची) गरज नाही. रविवारी सकाळी एमआयडीसीतला एखादा मोकळा सरळ सपाट रस्ता बघा, मोबाईलमध्ये जीपीएसवर वेग दाखवणारं अ‍ॅप टाका, शेजारी कुणाला तरी बसवा, एसी बंद, काचा बंद, तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० ला किती सेकंद लागतात ते टिपून ठेवा. जाताना आणि येताना दोन्हीकडून, म्हणजे वारा आणि न दिसणारा चढ वजा होतो. पेट्रोल टाकीत किती, टायरची हवा किती, ऊन कसं हेही लिहून ठेवा, नाहीतर जानेवारीतल्या थंडीत मोजलेलं आणि मे महिन्यात मोजलेलं यांची तुलना करून बसाल. तिसराच गिअर का, तर मधे गिअर बदलायची भानगड येत नाही आणि वेगही आटोक्यात राहतो.

सोबत एक ब्लूटूथचा ओबीडी डोंगल घ्या, ईएलएम३२७ नावाने मिळतो, पाचशे ते दीड हजारात. तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावून मोबाईलवर इंजिन काय म्हणतंय ते वाचता येतं. पॉवर वाढवायला उपयोग शून्य पण हरवलेली शोधायला यासारखी वस्तू नाही. काय वाचायचं ते पुढे येतंच.

दुसरी पायरी: फुकटातली पॉवर

सगळ्यात आधी पायाखाली बघा, अगदी शब्दशः. आजकाल जाड रबराच्या, कार्पेट चिकटवलेल्या ७डी मॅट बसवायची फॅशन आहे, त्या सीटपासून पेडलपर्यंत सगळं झाकतात. अ‍ॅक्सिलेटरच्या मागे मॅटची घडी उभी राहिली की पेडल खाली टेकतं खरं, पण मॅटवर टेकतं, फ्लोअरवर नाही. इंजिन बंद ठेवून इग्निशन ऑन करा, पेडल पूर्ण दाबा आणि ओबीडी अ‍ॅपमध्ये पेडल पोझिशन वाचा, मग मॅट ओढून काढा आणि परत दाबून वाचा. दोन आकड्यांत मोठा फरक आला तर तुम्ही आजवर घाटात अर्धवट पेडलवरच चढत होतात. मॅट कापून घ्या. आणि ड्रायव्हरच्या बाजूला एकावर एक दोन मॅट असतील तर एक आत्ताच काढा, ती पेडलखाली अडकणं हा पॉवरचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

मग वजन. साधारण ९०० किलोची हॅचबॅक आणि ९० पीएस म्हणजे टनामागे १०० पीएस झाले. त्यात पाच माणसं आणि सामान मिळून ४०० किलो टाका, तोच आकडा ६९ वर येतो. रीमॅपने याची भरपाई होत नाही. माणसं काही उतरवता येत नाहीत, पण डिकीतला सबवूफरचा खोका, दोन वर्षं फिरत असलेली अवजारांची पेटी, लोखंडी बुलबार हे उतरवता येतं, आणि बुलबारवर तर केंद्राने २०१७ च्या डिसेंबरातच बंदी आणलीय.

टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी, टायर थंड असताना भरा. आणि टायर अपसाइज करणाऱ्यांनी जरा हिशोब करावा. १६५/८० आर१४ टायरचा व्यास साधारण ६२० मिलीमीटर, १८५/६५ आर१५ चा ६२१, म्हणजे सारखाच. पण दुकानदाराने "भारी दिसेल" म्हणून १९५/६५ आर१५ चढवला तर व्यास होतो ६३४, सगळे गिअर २ टक्क्यांनी लांबतात, वर रुंद टायर आणि जड अलॉयचं वजन चाकावरच येतं. गाडी दिसते छान, पण पिकअप पडतो तो पडतोच.

सीएनजीवाल्यांसाठी तर पॉवरचं बटण डॅशबोर्डवरच असतं. आधीच्या पिढीच्या स्विफ्टचं १.२ चं इंजिन पेट्रोलवर ९० पीएस आणि ११३ एनएम, तेच सीएनजीवर ७७.५ पीएस आणि ९८.५ एनएम. घाट सुरू व्हायच्या आधी पेट्रोलवर टाका, १२ पीएस आले, आणि खर्च फक्त तेवढ्या घाटापुरता पेट्रोलचा.

आणि आता जे कुणाला ऐकायला आवडत नाही ते. आपण सगळे अ‍ॅव्हरेजच्या धाकाने २००० आरपीएमला वरचा गिअर टाकतो आणि घाटातही तसंच चालवतो. वरचंच १.२ पेट्रोल २००० आरपीएमला पूर्ण दाबलं तरी ९० पैकी फारतर ३० पीएसच्या आसपास देतं, त्या आरपीएमला त्याच्याकडे तेवढेच असतात. ४४०० ला, जिथे त्याचा टॉर्क सगळ्यात जास्त आहे, तिथे तेच इंजिन ७० पीएस देतं, आणि पूर्ण ९० हवे असतील तर ६००० पर्यंत जावं लागतं. याच्या तुलनेत ७५ पीएसचं मल्टिजेट २००० लाच १९० एनएम देतं, म्हणजे ५४ पीएस तिथेच हजर, म्हणून डिझेलवरून पेट्रोलवर आलेल्या माणसाला नवीन गाडी मेलेली वाटते. मेलेली नसते, तुम्ही तिला झोपेतच चालवताय. ओव्हरटेक करायच्या आधी एक गिअर खाली, सुई ४००० च्या वर, आणि आवाजाला घाबरू नका, रेव्ह लिमिटरच्या (इंजिनाच्या कमाल आरपीएमच्या मर्यादेच्या) खाली आहात तोवर इंजिन गरम आणि ऑइल बरोबर असेल तर त्याला काही होत नाही.

अजून एक, घाटमाथ्यावर साध्या इंजिनाची पॉवर आपोआप घटते, दर १०० मीटर उंचीला साधारण १ टक्का. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर, म्हणजे ९० चे ७८ राहतात. तिथे मेकॅनिक शोधू नका, खाली आल्यावर गाडी बरी होते. टर्बोला हा त्रास बराच कमी.

तिसरी पायरी: हरवलेली पॉवर शोधणे, पेट्रोल

एअर फिल्टरपासून सुरू करा. बॉक्सच्या क्लिपा उघडायच्या, फिल्टर बाहेर काढून उजेडासमोर धरायचा. उजेड आरपार दिसत नसेल तर बदला, तीन-चारशे रुपयांचं काम आहे. आणि बॉक्सचा तळही बघा. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या एअर बॉक्समध्ये उंदीर घर करतात, चिंध्या, शेंगांची टरफलं, सीटचा कुरतडलेला फोम, सगळा संसार असतो आत. उंदीर दिसलाच तर ऑक्सिजन सेन्सरच्या आणि इंजेक्टरच्या वायरीही तपासून घ्या, अर्धवट कुरतडलेली वायर कधी चालते कधी नाही, आणि अशी गाडी मेकॅनिकसमोर नेमकी नीट चालते.

हवा नीट जातेय का हे ओबीडीवर पण कळतं. साध्या इंजिनाच्या गाडीत पूर्ण अ‍ॅक्सिलेटर दाबून इंजिन वरच्या आरपीएमला असताना मॅप सेन्सरचं (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या) रीडिंग बाहेरच्या हवेच्या दाबाच्या जवळपास यायला पाहिजे, मुंबईत शंभर किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९४-९५. ते ८५ वर अडकत असेल तर रस्त्यात काहीतरी तुंबलंय, नाहीतर थ्रॉटल (हवेचा रस्ता उघडणारी झडप) पूर्ण उघडत नाहीये.

स्पार्क प्लग. साधे निकेलचे असतील तर ३०-४० हजार किलोमीटरला बदला, इरिडियमचे लाखाच्या आसपास जातात. जुना प्लग फेकू नका, चारही ओळीने ठेवून टोकं बघा. चारही फिक्कट तपकिरी असतील तर उत्तम, एखादाच काळा काजळलेला किंवा तेलकट असेल तर तो सिलिंडर काहीतरी सांगतोय, आणि एखादाच पांढराफटक असेल तर तिथे पेट्रोल कमी पडतंय. चार सिलिंडरच्या इंजिनात एक अर्धवट पेटत असला तरी रोजच्या ट्रॅफिकमध्ये ते लक्षात येत नाही, गाडी थोडी थरथरते आणि आपण म्हणतो रस्ताच खराब आहे. प्लग काढलेत तोवर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) पण मोजून घ्या, चांगल्या मेकॅनिककडे गेज असतो. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या १०-१५ टक्क्यांत असले पाहिजेत. एखादा फारच खाली असेल तर थांबा, त्या गाडीवर रीमॅप वगैरेचा विचार सोडा. सीएनजीवर लाखभर चाललेल्या गाडीत टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्वपाशी ठेवलेली बारीक फट) हमखास तपासा, व्हॉल्वच्या सीट झिजलेल्या असतात.

मग फ्युएल ट्रिम. अ‍ॅपमध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिम दिसतो, अधिक-उणे १० च्या आत असेल तर झोपा निवांत. अधिक १२-१५ च्या पुढे म्हणजे ईसीयूला सतत जास्त पेट्रोल टाकावं लागतंय, एकतर कुठूनतरी न मोजलेली हवा शिरतेय किंवा पेट्रोलचा दाब कमी पडतोय, पंप थकलाय, फिल्टर चोंदलाय, इंजेक्टर मळलेत. फुटलेला व्हॅक्यूमचा पाइप हे सगळ्यात स्वस्त कारण, म्हणून आधी तेच शोधा. आकडा बराच उणे असेल तर उलट, इंजेक्टर गळतोय किंवा सेन्सर खोटं बोलतोय.

थ्रॉटल बॉडी साफ करणं सगळे सुचवतात, करायला हरकत नाही, पण त्यातून काय मिळतं ते समजून घ्या. काळा थर बसतो तो बटरफ्लायच्या (थ्रॉटलच्या चकतीच्या) कडेला, जिथे इंजिनाची तेलकट वाफ येऊन चिकटते, त्यामुळे आयडलिंग बिघडतं आणि सुरुवातीचा पाय जड लागतो. पूर्ण उघडल्यावर त्या थराने फारसं अडत नाही, म्हणजे टॉप एंडला फरक पडणार नाही. गाडी ड्राइव्ह-बाय-वायर असेल (पेडलपासून थ्रॉटलपर्यंत केबल नाही, वायर) तर इग्निशन ऑन असताना बटरफ्लाय बोटाने ढकलू नका, गिअर तुटतात आतले आणि मग पूर्ण बॉडी घ्यावी लागते.

इंजिन ठीक पण गाडी जात नाही असं असेल तर क्लच आणि ब्रेक बघा. चौथ्या गिअरमध्ये ५० ला असताना चढावर पूर्ण दाबा, आरपीएमची सुई उडाली आणि वेग तिथेच, तर क्लच प्लेट घसरतेय, पॉवर तयार होतेय पण चाकापर्यंत पोचत नाहीये. ब्रेक चिकटत असेल तर अर्ध्या तासाच्या ड्राइव्हनंतर चारही रिमजवळ हात न्या, एक बाकीच्यांपेक्षा गरम लागेल. चिपळूण, रत्नागिरी, गोवा इकडच्या खाऱ्या हवेत कॅलिपरच्या पिना गंजून जाम होतात आणि माणूस महिनोन् महिने ब्रेक लावूनच फिरत असतो. पिना काढून, घासून, ग्रीस लावून बसवायला मजुरी कितीशी लागते.

ऑइलचं एका वाक्यात सांगतो, मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक कितीही म्हणाला की "जाड टाका, इंजिन टिकतं", तरी २०डब्ल्यू-५० टाकू देऊ नका.

डिझेलवाल्यांचं दुखणं वेगळं

डिझेलची पॉवर हरवते ती बहुतेक टर्बो आणि इंजिन यांच्या मधल्या रस्त्यात. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंत (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) रबरी होज जातात, आठ-दहा वर्षांत त्या कडक होतात आणि क्लॅम्पजवळ किंवा वळणाच्या आतल्या बाजूला चिरतात. बॉनेट उघडून टॉर्च घ्या आणि होजच्या खालच्या बाजूने हात फिरवा, जिथे हवा फुटते तिथे ऑइलचा बारीक तवंग आणि त्यावर धूळ चिकटून काळा पट्टा तयार झालेला असतो. चालवताना दाबलं की शिट्टीसारखा किंवा फुसकारल्यासारखा आवाज, मागे काळा धूर आणि १८०० च्या पुढे जो धक्का बसायला पाहिजे तो बसतच नाही. यावर टर्बो बदलायचं कोटेशन ४०-५० हजारांचं मिळू शकतं, आणि दुखणं असतं दोन हजारांच्या होजचं. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरला जाणारी पेन्सिलीएवढी पातळ नळी तर त्याहून स्वस्त, ती निघालेली किंवा चिरलेली असली तरी टर्बो आळशी होतो. टर्बो खराब आहे असं कुणी म्हणालं तर हे दोन आधी बदलून बघा.

दुसरं ईजीआर, म्हणजे एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारी व्यवस्था. एक्झॉस्टची काजळी आणि इंजिनाची तेलकट वाफ एकत्र येऊन इनटेक मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर साचतो, शहरात कमी वेगाने चालणाऱ्या गाडीत जास्त. मॅनिफोल्ड आणि ईजीआर व्हॉल्व खोलून साफ करून घ्या, बाटलीतलं केमिकल टाकीत ओतून हे निघत नाही कारण डिझेल त्या रस्त्याने जातच नाही. व्हेरिएबल जॉमेट्रीच्या टर्बोची पाती पण याच काजळीने जाम होतात, त्यासाठी हायवेला गाडी अधूनमधून मनसोक्त ओढणं हे औषध आहे.

डिझेल फिल्टर वेळेवर बदला आणि त्यातलं पाणी सोडा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो, रोज चार किलोमीटर ऑफिस आणि परत असं चालवलं तर तो तुंबतो आणि गाडी लिंप मोडला जाते, म्हणजे स्वतःला वाचवायला पॉवर कमी करते. लाईट लागला की मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसं स्थिर वेगात २०-२५ मिनिटं हायवेला घ्या. "डीपीएफ काढून टाकू, पॉवर वाढेल" असं सांगणाऱ्यापासून लांब राहा, ते बेकायदेशीर आहेच आणि धूर तुमच्याच शेजारपाजाऱ्यांच्या नाकात जातो.

एवढं झाल्यावर परत त्याच रस्त्यावर जाऊन तिसऱ्या गिअरची वेळ घ्या. बऱ्याच जणांचा शोध इथेच संपतो.

यावर पैसे घालवू नका

ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांचा ओबीडी "चिप ट्युनिंग बॉक्स" मिळतो, पिवळा, हिरवा, कसलाही. त्यातला एक खोलून बघितलेल्यांना आत लुकलुकणाऱ्या एलईडी आणि त्या लुकलुकवणारी चिप सापडली, ईसीयूला तो काही सांगतच नाही.

इलेक्ट्रिक टर्बो म्हणून एक पंखा विकतात, दीड-दोन हजाराला. १.२ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला सुमारे ३६०० लिटर हवा ओढतं. एवढी हवा दाबून भरायला खरा टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे फिरतो. तो प्लॅस्टिकचा पंखा हवा ढकलत नाही, उलट वाटेत आडवा येतो.

पेडल बॉक्स जरा हुशार वस्तू आहे, तुम्ही पेडल ३० टक्के दाबलं की ईसीयूला ६० सांगते, त्यामुळे गाडी एकदम चपळ वाटते. पण १०० ला १००च. पॉवर एक पीएसनेही वाढत नाही, वेळ मोजलीत तर आकडा तोच येईल. आणि पेट्रोलच्या पाइपला लावायचं लोहचुंबक, पाण्यातून हायड्रोजन बनवणारी बाटली यावर मी शाई वाया घालवत नाही.

परफॉर्मन्स एअर फिल्टर हा वादाचा विषय. नवीन कागदी फिल्टर आणि पाच-सहा हजारांचा धुवायचा फिल्टर यात साध्या इंजिनात एखाद-दुसरा पीएस इकडे तिकडे, आवाज मात्र मस्त येतो. आपल्याकडच्या धुळीत तो वेळेवर धुवावा लागतो, आणि धुतल्यावर ऑइल जास्त मारलं तर एमएएफ सेन्सरवर (आत जाणारी हवा मोजणाऱ्या) जाऊन बसतं. बॉक्स काढून उघडा कोन फिल्टर बसवला तर बॉनेटखालची गरम हवा आत जाते, पॉवर कमी होते. घ्यायचाच तर जुन्या बॉक्समध्ये बसणारा घ्या.

सायलेन्सर बदलून साध्या हॅचबॅकमध्ये जे मिळतं ते कानाला मिळतं. फार मोठा पाइप टाकला तर खालचा टॉर्क उलट जातो, आणि नाक्यावर पोलीस थांबवतात ते वेगळं. बुलेटवाल्यांच्या जप्त सायलेन्सरवर रोलर फिरवल्याचे फोटो पेपरात येतातच.

महाग पेट्रोलचं तेच. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकदीचं पेट्रोल नव्हे, ते फक्त नॉकिंगला (पेट्रोल आपोआप, चुकीच्या वेळी पेटण्याला) जास्त तोंड देतं. साध्या पेट्रोलवर ट्यून केलेल्या वॅगनआरला त्याचा उपयोग नाही. टर्बो पेट्रोलला, भर उन्हात, घाटात, थोडा होतो, आणि रीमॅप केलेल्या गाडीला तर ते लागतंच.

रीमॅप: टर्बो असेल तरच

आता खरी खरेदी. हिशोब असा करा. साध्या १.२ पेट्रोलवर २० हजारांचा रीमॅप केला आणि ५ पीएस वाढले तर एका पीएसला ४००० रुपये पडले. ११० पीएसच्या टर्बो पेट्रोलवर २५ हजारांत २५ पीएस वाढले तर १००० रुपये. टर्बोला २० ते ३० टक्के वाढ स्टेज वन मध्ये, म्हणजे कुठलाही पार्ट न बदलता, मिळते आणि त्याहून जास्त टॉर्कमध्ये जाणवतं. साध्या पेट्रोलवाल्यांनी तो पैसा क्लच, टायर आणि सस्पेन्शनवर घालावा, किंवा तरीही भूक असेल तर गाडी विकून वापरलेली टर्बो पेट्रोल घ्यावी, साध्या इंजिनाला टर्बो बसवण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

करायचं ठरलं तर आधी क्लचचा विचार. वाढलेला टॉर्क पहिल्यांदा क्लचवर येतो, ७० हजार चाललेली प्लेट कंपनीच्या मूळ टॉर्कवर ठीक असते आणि रीमॅपनंतर महिन्याभरात घसरायला लागते, मग तो खर्च रीमॅपमध्येच धरा. ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सची क्षमता विचारा, उदाहरणार्थ पोलो-व्हेंटोमधला ७ स्पीड ड्राय क्लचचा डीएसजी २५० एनएमसाठी बनवलाय. १७५ एनएमच्या टीएसआय पेट्रोलला त्यात जागा आहे, २५० च्या टीडीआय डिझेलला तिथे जागाच नाही.

ट्यूनर निवडताना हे प्रश्न विचारा, आणि उत्तरं टाळली तर निघा. माझी मूळ फाइल वाचून घेऊन मला देणार का? फाइल माझ्या गाडीसाठी बनवणार की इंटरनेटवरून आलेली तयार टाकणार? टाकल्यानंतर गाडीत लॅपटॉप लावून चालवत डेटा लॉग करणार का, आणि त्यात नॉक, बूस्ट (टर्बोचा दाब), डिझेल असेल तर रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणाऱ्या डिझेलचा दाब) आणि एक्झॉस्टचं तापमान बघणार का? ओव्हरहीटचं आणि नॉकचं संरक्षण तसंच ठेवणार ना? जो माणूस फक्त कमाल पीएसचा आकडा सांगतो आणि "अ‍ॅव्हरेज पण वाढेल" असं ठोकून देतो त्याच्याकडे पैसे देऊ नका. डिझेल रीमॅपनंतर मागून काळा धूर येत असेल तर ते ट्युनिंग नाही, नुसतं डिझेल ओतलंय, आणि पुढच्या पीयूसीला गाडी नापास.

जुन्या कॉमन रेल डिझेलवाल्यांना ट्युनिंग बॉक्सचा पर्याय असतो, तो रेल प्रेशर सेन्सरच्या वायरीत बसतो आणि ईसीयूला दाब आहे त्यापेक्षा कमी सांगतो, मग ईसीयू दाब वाढवतो. दहा मिनिटांत काढता येतो हा फायदा. पण तो एकाच आकड्याशी खोटं बोलतो, रीमॅपसारखं सगळं जुळवून घेत नाही, म्हणून चांगल्या कंपनीचा घ्या आणि सगळ्यात खालच्या सेटिंगवर ठेवा.

झाल्यावर ऑइल बदलायचं अंतर एक तृतीयांशाने कमी करा, चढावरून किंवा हायवेवरून आल्यावर मिनिटभर आयडलला ठेवून मग बंद करा, पेट्रोल असेल तर ट्यूनरने सांगितलेल्या ऑक्टेनच्या खाली जाऊ नका. प्रवासात आडगावात साधंच मिळालं तर टाका पण पाय हलका ठेवा. आणि हो, ब्रेक पॅड, ब्रेक फ्लुइड आणि टायर आधी नवे. २५ पीएस जास्त आणि टायरला गोटा पडलेला, असली गाडी पावसाळ्यात ताम्हिणीत नेऊ नका.

कायदा, विमा, वॉरंटी

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. इंजिन बदलायचं तर आरटीओची आधी परवानगी आणि आरसीवर नोंद. रीमॅप बाहेरून दिसत नाही, पण न दिसणं म्हणजे कायदेशीर असणं नव्हे, हे माहीत असूनच निर्णय घ्या.

व्यवहारात जास्त दुखतं ते विम्याचं. पॉलिसीत न कळवलेला बदल हे क्लेम नाकारायला मिळालेलं कारण असतं, म्हणून विमा कंपनीला लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. वॉरंटी चालू असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या वॉरंटीवर पाणी सोडलं असंच समजा, मूळ फाइल परत टाकली तरी किती वेळा फ्लॅश झालंय याची नोंद बऱ्याच ईसीयूंमध्ये राहते. वॉरंटी संपायची वाट बघणं हा साधा उपाय, तोवर पायरी दोन आणि तीन करत बसा.

सर्व्हिस सेंटरला सॉफ्टवेअर अपडेट करू नका असं जॉब कार्डवर लिहून द्या, नाहीतर त्यांनी रुटीन अपडेट टाकला की तुमचे पंचवीस हजार पुसले गेले. आणि मूळ फाइलची एक कॉपी स्वतःच्या पेनड्राइव्हवर, एक मेलवर ठेवा, कारण गाडी विकताना ती परत टाकायची वेळ येईल तेव्हा तो ट्यूनर दुकान बंद करून गेलेला असू शकतो.